भंतेंच्या चरित्राची वही

ध्यान शिकवणाऱ्या माणसांविषयी माझं मत चांगलं नाही. ध्यान शिकायला येणाऱ्यांविषयी तर त्याहून वाईट आहे. ही दोन्ही मतं माझी रत्नागिरीत, माझ्या वकील भावाच्या घरी, एका हिवाळ्यात पक्की झाली. सन एकोणतीस किंवा तीस असेल.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. लग्न तेराव्या वर्षी झालं आणि पंधराव्या वर्षी ते संपलं. नवऱ्याचा चेहरा मला नीट आठवतही नाही. पुढे दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, सगळ्या नातेवाइकांशी भांडून मला पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं. हे त्याच्या बाजूने आधीच लिहून ठेवते, कारण पुढे त्याच्याविषयी चांगलं लिहायची संधी मला मिळणार नाही.

दादाला त्या काळी धर्माचा कंटाळा आणि अध्यात्माची हौस अशी दोन्ही दुखणी एकदम जडली होती. देवळात जाणं त्याला अडाणीपणाचं वाटे. पण कोर्टातून आला की इंग्रजी पुस्तकातलं बुद्धचरित्र उघडून बसे, आणि जेवताना वहिनीला निर्वाण समजावून सांगे. वहिनी पुढची पोळी वाढी. ब्रह्मदेश तसा आमच्या गावाला परका नव्हता. हद्दपार करून आणलेल्या ब्रह्मी राजाचा वाडा टेकडीवर उभाच होता. बंदरावरचे खलाशी रंगूनला, मौलमीनला जाऊन येत. त्यांना कुणी ओटीवर बोलावून तिथल्या गोष्टी विचारत नसे. पिवळी वस्त्रं घालून कुणी तिथून आला, तर मात्र गोष्ट वेगळी होती.

असा एक जण आला. मुंबईला कुणा स्नेह्याकडे दादाची त्याची गाठ पडली होती, आणि दादाने त्याला आगबोटीचं तिकीट काढून दिलं. बंदरावर तो पडावाच्या होडीतून उतरला तेव्हा दादा गुडघाभर पाण्यात धोतर भिजवत उभा होता. माणूस चाळिशीचा, उंच, सावळा. डोकं तुळतुळीत. आवाज मात्र असा की भाजीचा भाव सांगितला असता तरी ऐकत राहावं. "मला महाराज म्हणू नका," तो म्हणाला. "भंते म्हणा." दुसऱ्या दिवसापासून अर्धं गाव भंते म्हणू लागलं. वहिनी 'भंतेभावजी' म्हणाली, तेव्हा दादाने तिला आत नेऊन समजावलं.

भंतेंच्या डाव्या पायाची अंगठ्याशेजारची दोन बोटं जन्मापासून जुळलेली होती, थेट नखापर्यंत. मांडी घालून बसले की ती बोटं वर येत आणि सगळ्यांना दिसत. दादाच्या पुस्तकात लिहिलं होतं की महापुरुषाच्या बोटांमध्ये जाळीसारखी कातडी असते. झालं. गावातले डॉक्टर एकदा म्हणून गेले, "अहो, असं घराण्यात चालत येतं. मी दोन-तीन जणांत पाहिलंय." त्यावर निवृत्त मामलेदारांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की डॉक्टरांनी पुढे तोंड उघडलं नाही. ते रोज येऊन बसू मात्र लागले.

घरापुढच्या खळ्यात दादाने मांडव घातला. जमीन सारवून घेतली आणि फाटकावर पाटी लावली, 'सर्वांस मुक्तद्वार'. सकाळी साडेसहा ते आठ साधना. पहिल्या रांगेत मामलेदार, हेडमास्तर, डॉक्टर, दादा आणि त्याचे दोन वकील मित्र. बसायची जागा कुणी ठरवून दिलेली नव्हती, पण ज्याचा हुद्दा मोठा तो मधोमध, हे आपोआप ठरलं. मागे आम्ही पाच-सहा बायका. मुक्तद्वार असलं तरी त्या दारातून आमच्याच आळीची माणसं येत.

शिकवणं अगदी साधं होतं. "नाकपुडीपाशी वारा येतो, जातो. तो पाहा. पोट वर येतं, खाली जातं. ते पाहा. मन पळालं की कळलं पाहिजे की पळालं. परत आणा. एवढंच." मामलेदार पाच मिनिटांत झोपत आणि त्यांचा श्वास सगळ्या मांडवाला पाहता येई. हेडमास्तर डोळे मिटून बाकीच्यांनी मिटलेत का ते पाहत. साधना झाली की एकेकाला अनुभव यायचे. कुणाला निळा प्रकाश दिसे, कुणाला देह हलका झालेला वाटे. दादाला तर चौथ्याच दिवशी मागचा जन्म दिसला. त्या जन्मातही तो वकीलच होता.

मला काही दिसलं नाही. पण आठवडाभराने एका सकाळी माझ्या ध्यानात आलं की गेला पाव तास मी कुणावर मनातल्या मनात चिडले नव्हते. गेल्या कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. हे कबूल करायला मला अजूनही जड जातं, कारण ज्या माणसाने ते शिकवलं त्याच्याविषयी मला पुढे जे कळलं, ते फार वेगळं होतं.

महिन्याभरात दादाने ठरवलं की भंतेंचं चरित्र छापायचं. माझं अक्षर चांगलं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. शाळा सुटली की मी पडवीत वही घेऊन बसे. भंते समोरच्या चौरंगावर डोळे मिटून सांगत.

"जन्म एका शास्त्रीघराण्यात. वडील दशग्रंथी."

"गाव?" मी विचारलं.

"संन्याशाला गाव नसतं, बाई."

"वडिलांना असेल ना?"

ते गोड हसले. "दक्षिण कोकण लिहा."

सोळाव्या वर्षी गृहत्याग. मग काशी, मग नेपाळ, मग सिंहलद्वीप, शेवटी ब्रह्मदेश. तिथे एका महास्थविरांच्या चरणी अरण्यात सात वर्षं. मला गणित शिकवायची सवय. मी मनात बेरीज केली तर भंते एकाच वर्षी काशीलाही होते आणि सिंहलद्वीपातही. तसं म्हटलं, तर म्हणाले, "काळ ही कल्पना आहे." रोज सुरू करण्याआधी ते हमखास विचारत, "काल कुठवर आलो होतो?" मी वाचून दाखवायची. "हां," ते म्हणत, "मग पुढे तसंच." लिहिता लिहिता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. स्वतःच्या आयुष्याची माहिती ते माझ्याच वहीतून घेत होते.

आणि मी ती पुरवत होते. एकदा ते म्हणाले, "अरण्यात आम्हाला एकेक झोपडी होती." मला ते अगदीच साधं वाटलं. झोपडी तर आमच्या कोकणात कुणाचीही असते. मी लिहिलं, 'गुहा'. दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं. त्यांनी एकदा डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. गुहाच." चार दिवसांनी पहिल्या रांगेला ते गुहेतल्या वटवाघळांची गोष्ट सांगत होते, आणि मी मागे बसून खूश होत होते. माझ्यातला काही तिरस्कार मी स्वतःसाठी राखून ठेवला आहे तो यासाठी.

त्याच सुमाराला दादाकडे सावर्ड्याच्या बाजूचा एक शेतकरी जमिनीच्या दाव्यासाठी आला होता. दादा कोर्टातून येईपर्यंत तो जांभ्याच्या पायरीवर बसून राहिला. भंते चौरंगावर बसून मला चरित्र सांगत होते. तो माणूस त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हता, पायाकडे पाहत होता. भंते आत गेल्यावर त्याने मला विचारलं, "बाय, ह्ये म्हाराज कुटचे?"

"ब्रह्मदेशातून आलेत."

"त्येच्या आदी?"

मी वहीतलं उत्तर दिलं, "शास्त्र्यांच्या घरातले आहेत."

"आसं," तो म्हणाला. तोंडावर हात धरून तो बराच वेळ खोकल्यासारखं करत होता. तो हसत होता हे मला नंतर कळलं.

पंधरा दिवसांनी एका सकाळी मांडवाच्या कडेला, तुळशीपाशी, एक बाई येऊन बसली. तिशी उलटलेली. गुडघ्याच्या वर कासोटा घातलेलं हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, शेजारी गाठोडं. पाय धुळीने पांढरे झालेले. आम्हाला वाटलं, कुणाचा तरी लाकडाचा भारा घेऊन आली असेल आणि घडीभर टेकली असेल. पण ती आठ वाजेपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. कुणी तिला काही विचारलं नाही. फाटकावर मुक्तद्वार लिहिलेलं असल्यामुळे हाकलताही येईना.

दुसऱ्या दिवशी साधना संपल्यावर भंतेंनी आम्हाला उपदेश केला. पहिल्या रांगेची चुळबूळ त्यांना त्या दिवशी खटकली असावी. त्यांनी तुळशीकडे बोट दाखवलं.

"ती माउली पाहा. अक्षरशत्रू असेल. पण दीड तासात हलली नाही. डोळे अर्धे मिटलेले, नजर खाली, पावलांवर. याला स्मृती म्हणतात. सतत जागं राहणं. समोर जे आहे ते जसं आहे तसं पाहणं. ही तुमच्या कॉलेजात मिळत नाही."

सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. ती तशीच बसली होती. तिची नजर पावलांवर होती हे खरं. पण ती पावलं तिची नव्हती.

तिसऱ्या दिवशी शेवटी दादाने नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही शंका?" मामलेदारांनी निर्वाणानंतर पेन्शनसारखं काही उरतं का, अशा अर्थाचा प्रश्न विचारला. भंतेंनी त्याचं लांबलचक उत्तर दिलं. मग तुळशीपासून आवाज आला.

"मना इचारायचा हाय."

ती उभी राहिली होती. भंते प्रसन्नपणे म्हणाले, "विचारा, माउली."

"तुमी मना वळकलात का?"

"ओळख हीच भ्रांती आहे, माउली. मी कोण, तू कोण..."

"तुमी माजे घोव," ती म्हणाली. नवऱ्याला तिकडे घोव म्हणतात. "तीन दिस बसलंय समोर. म्हटलं, आज वळकतील, उद्या वळकतील."

आवाज चढवला नाही तिने. मांडवात कुणी हललं नाही. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच सगळेजण खरोखर जागे होते.

"वकीलसायेब, माजा इस्वास नसंल तर पाय बगा," ती दादाला म्हणाली. "डाव्या पायाची दोन बोटं जुळल्याली हायत. ह्येंच्या आयशीची बी तशीच व्हती. घराण्यातच हाय त्यांच्या."

डॉक्टरांनी नकळत मान हलवली. भंतेंनी पाय वस्त्राखाली घेतला आणि डोळे मिटले. पहिल्या रांगेला वाटलं की ते समाधीत गेले.

दादाने मोठ्या खटल्यात उभा राहावा तसा उभा राहून बाजू सावरली. "यात लाजण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला. "खुद्द भगवान बुद्धांनी काय केलं? पत्नीला सोडूनच निघाले ना? हे तर महाभिनिष्क्रमण आहे!" मामलेदारांनी उपरण्याने डोळे पुसले. हेडमास्तर म्हणाले, "धन्य ती माउली, जिने असा पुरुष जगाला दिला." दादा माझ्याकडे वळला. "ताई, हे चरित्रात आलंच पाहिजे. स्वतंत्र प्रकरण करायचं."

ती बाई माझ्याकडे पाहत होती. "काय म्हनतात ते?"

"म्हणतात, ते घराचा त्याग करून गेले."

"त्याग कुटला?" ती म्हणाली. "मंबयला गिरनीत कामाला गेले. मी भाकऱ्या बांदून दिल्या. वरीसभर कागद आलं, रंगूनला पोचल्याचा बी कागद आला. मग बंद. अकरा वर्सं झाली. माजे दीर म्हनतात, तो मेला, तू कुकू पूस आनि शेत सोड. गाव म्हनतो, मेल्याची खबर न्हाय तर पुसू नको. म्हनून बगाया आलंय, जिता हाय का मेला."

मामलेदारांना आता चरित्राची गोडी लागली होती. तिचं लुगडं, तिची बोली समोर असतानाही वहीतलं शास्त्रीघराणं त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. ते प्रेमाने पुढे सरकले. "बाई, आपण कुठल्या शास्त्र्यांच्या घरातल्या? सासरचं घराणं कुठलं?"

"शास्त्री कसले?" ती म्हणाली. "आमी कुनबी. भात लावतो, नाचनी लावतो."

यापुढे जे झालं ते मी शाळेत चाळीस मुलींच्या वर्गातही कधी पाहिलं नाही, इतक्या शिस्तीने झालं. मामलेदारांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्याच हाताने ते रोज भंतेंच्या पायाला शिवत. तो हात अंगापासून थोडा लांब धरून ते उठले आणि चपला न घालता, हातात घेऊन, फाटकाबाहेर पडले. हेडमास्तरांना शाळेची आठवण झाली, आणि तो रविवार होता. वकील मित्र एकमेकांशी इंग्रजीत बोलू लागले. डॉक्टर तेवढे थोडा वेळ रेंगाळले, पण सगळे गेले तसे तेही गेले. बायको टाकून अकरा वर्षं पत्ता न देणारा माणूस त्यांना महापुरुष म्हणून चालत होता. भात लावणाऱ्याच्या घरात जन्मलेला चालत नव्हता. आदल्याच संध्याकाळी याच मंडळींनी 'जन्माने कुणी श्रेष्ठ ठरत नाही' या विषयावरच्या व्याख्यानाला टाळ्या वाजवल्या होत्या.

आतून वहिनीचा आवाज आला, "दोन महिने आमच्या पंगतीला बसलाय!" दादा तसाच उभा होता. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यात दुःख नव्हतं, फसवणुकीचा संतापही नव्हता. आता गाव काय म्हणेल याचा हिशेब तो करत होता. आणि खोटं कशाला लिहू? भंते ज्या तांब्याने पाणी पीत तो तांब्या माझ्याही डोळ्यांपुढे आला. क्षणभरच, पण आला.

दादा आत निघून गेला. भंते उठून त्यांच्या खोलीत गेले. ती बाई पायरीवर बसली. मी तिला पाणी दिलं, मग वही घेऊन भंतेंच्या खोलीत गेले. ते खाटेवर बसले होते. कपड्यांचं बोचकं बांधून तयार होतं.

"हे सगळं खोटं आहे?" मी वही पुढे धरून विचारलं.

त्यांनी नाकारलं नाही. बोलणंही बदललं होतं. पुस्तकी मराठी गेली होती, पण गावची पुरती परत आली नव्हती. म्हणाले, "मुंबईत गिरणी सोडून एका वाचनालयात शिपाई होतो. पुस्तकं पुसता पुसता वाचायला लागलो. मग भाताच्या गिरणीत मुकादम म्हणून रंगूनला गेलो. तिथे तापाने पडलो. माणसांनी उचलून एका विहारात नेऊन टाकलं. एक म्हातारा भिक्खू होता. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. तो माझा हात धरून माझ्याच पोटावर ठेवायचा आणि बोटाने दाखवायचा. वर. खाली. वर. खाली. ताप उतरला, भीती गेली. मी मरणार नाही म्हणून नव्हे. मेलो तरी चालेल, असं वाटलं म्हणून."

"किती दिवस होतात तिथे?"

"सतरा."

"सात वर्षं सांगितलीत."

"सतरा दिवस सांगितलं असतं तर तुमच्या मामलेदारांनी धोतर सावरून जमिनीवर बसकण मारली असती का? आणि कुणब्याचा पोर म्हटलं असतं, तर मला फाटकाच्या आत तरी घेतलं असतं का?"

त्या घडीला मला त्या माणसाविषयी प्रथमच काहीतरी बरं वाटलं. दोन महिन्यांत त्याने सांगितलेली ती एकच गोष्ट होती, जी मला जशीच्या तशी लिहावीशी वाटली.

मी म्हणाले, "ती बाहेर बसली आहे."

"ठाऊक आहे."

"एवढं चालत आली, तीन दिवस समोर बसली. एकदा तिच्याशी बोला. एवढं एक वाक्य गावात येऊन सांगा की तुम्ही जिवंत आहात. तिचं शेत राहील."

ते खिडकीबाहेर पोफळींकडे पाहत होते. मग म्हणाले, "बाई, माझं चित्त फार अस्थिर झालं आहे. मला जरा बसू द्या." आणि पाठ ताठ करून, मांडी घालून, त्यांनी डोळे मिटले.

जो माणूस जन्म लपवतो त्याला मी समजू शकते. आमच्यासारख्यांच्या गावात राहायचं तर त्याला दुसरं काय करता येत होतं? पण बायको दाराशी बसलेली असताना जो आपला श्वास पाहत बसतो, त्याच्यासाठी माझ्याकडे चांगला शब्द नाही आणि मी तो शोधलेलाही नाही. मी वही तिथेच टाकून बाहेर आले.

थोड्या वेळाने मागचं दार वाजलं. पोफळींमधून पिवळं वस्त्र झपाझप खाली उतरताना दिसलं. मी पायरीवरून उठले. तिने माझा पदर धरला.

"जाऊ दे, बाय. दिसला, तेवडा पुरे."

"हाक मारू का?"

"कशाला? मना वळकला न्हाय तीन दिसांत. हाक कुनाला मारनार?"

दुपारच्या सर्व्हिस मोटारीने तो कोल्हापूरच्या वाटेला लागला असं कुणीतरी सांगितलं. माझी वही घेऊन गेला.

मी तिला जेवायला वाढलं. वहिनीने पडवीत पान मांडलं, आत नाही. मी माझं पान उचलून पडवीत नेलं. हा काही मोठा पराक्रम नव्हे. विधवा नणंदेने कुठे बसून जेवावं याची त्या घरात तशीही कुणाला फिकीर नव्हती. जेवता जेवता मी तिला विचारलं, "तीन दिवस तू हललीसुद्धा नाहीस. त्यांनी सांगितलं ते करत होतीस का? श्वास पाहायचं?"

"छ्या," ती भात कालवत म्हणाली. "पाय दुखत व्हते. आनि बोटं बगत व्हते. म्हटलं, नक्की तीच हायत ना."

जेवण झाल्यावर मी कागद काढला आणि साध्या शब्दांत लिहिलं की अमुक बाईचा नवरा अमुक दिवशी माझ्या डोळ्यांदेखत या घरी जिवंत होता, त्याने आपली ओळख नाकारली नाही आणि तो आपल्या पायांनी चालत निघून गेला. खाली सही केली. साक्षीदार म्हणून दादाच्या सहीला वजन होतं, म्हणून त्याच्याकडे गेले.

दादाने कागद वाचला. "मी या बाईला ओळखत नाही," तो म्हणाला.

"तू भंतेंना ओळखतोस."

"कोण भंते?"

इतक्या सहज म्हणाला, जणू दोन महिने मांडवात दुसराच कुणी बसला होता. मी डॉक्टरांकडे गेले. ते ओशाळले, इकडे-तिकडे पाहिलं, पण सही केली. त्या पहिल्या रांगेत तो एकच माणूस निघाला, आणि तोही अर्धाच.

तो कागद घेऊन ती परत गेली. वर्षभराने तोच सावर्ड्याकडचा शेतकरी दाव्यासाठी आला. त्याने सांगितलं की गावकीत मास्तरांनी कागद वाचून दाखवला, शेत तिच्याकडेच राहिलं आणि दिरांनी तिच्याशी बोलणं सोडलं. "बोलनं सोडलं, ह्ये तिच्या फायद्याचंच झालं," तो म्हणाला. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेलं उपयोगाचं लेखन तेवढं एक पानच.

चरित्र पुढे छापलं गेलं. घाटावरच्या कुठल्याशा गावी छापलेली चोपडी आमच्या शाळेतल्या एका बाईंनी आणून दाखवली. तीत भंते क्षत्रिय झाले होते. पत्नीचा त्याग दादाने सुचवला होता तसा स्वतंत्र प्रकरणात होता. ती निजलेली, ते दाराशी उभे, चंद्रप्रकाश वगैरे. भाकऱ्यांचा उल्लेख कुठे नव्हता. मी दोन पानं वाचली आणि चोपडी परत केली.

दादाने गुपचूप भटजींना बोलावून पंचगव्य घेतलं. आम्हाला कुणाला सांगितलं नाही. वहिनीने सांगितलं, कारण तिलाही ते घ्यावं लागलं आणि त्याची चव तिच्या तोंडातून दोन दिवस जाईना. बुद्धचरित्राचं पुस्तक कपाटात वरच्या फळीवर गेलं. मला वाटलं, संपलं.

पुढच्याच हिवाळ्यात मांडव पुन्हा पडला. या वेळी पुण्याहून एक गृहस्थ आले. गोरेपान, चष्मा लावलेले. त्यांनी स्मृतीविषयी सगळं पुस्तकांतून वाचलं होतं आणि अर्धा तास मांडी घालून बसल्याचं मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. गुडघे दुखतात म्हणून ते खुर्चीवर बसून ध्यान समजावत. पण येण्याआधी दादाने पत्र पाठवून त्यांचं गोत्र, शाखा आणि आजोळ विचारून घेतलं होतं. मामलेदार पुन्हा मधोमध बसले. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना निळा प्रकाश दिसला.

"ताई," दादा आठवडाभराने म्हणाला, "यांचं चरित्र घ्यायला हवं. तू वही आण."

मी त्याला सांगितलं की चौथीच्या मुलींची परीक्षा जवळ आली आहे, त्यांना कोकणातल्या नद्या अजून पाठ नाहीत आणि मला वेळ नाही. तो म्हणाला, "तुला अध्यात्माची गोडीच नाही." मी छत्री घेतली आणि शाळेत गेले.